यात्रेची आखणी : आधी माणसे, मग ठिकाणे

चांगला कापड व्यापारी गिऱ्हाईक पायरी चढताच ठाण उलगडत नाही. कापड कोणासाठी हवे, प्रसंग कोणता, किती दिवसांत हवे, हे तो आधी विचारून घेतो. मगच फळीवरचा माल खाली येतो. पेढीवर रोज पाळली जाणारी ही रीत यात्रेला निघताना मात्र अनेक घरांत विसरली जाते. ठिकाणांची यादी आधी तयार होते, तिकिटे निघतात, आणि बरोबर येणाऱ्या माणसांचा विचार गाडीत बसल्यावर सुरू होतो. अलीकडे पुष्कळ कुटुंबे आखणीसाठी प्रवास सल्लागाराची मदत घेऊ लागली आहेत. ती मदत कशी घ्यावी आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी, हे एका उदाहरणावरून नीट समजेल.

इचलकरंजीतील सुताचा व्यापार करणारे एक एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. शहात्तर वर्षांच्या आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे, अशी आठ माणसे. धाकट्या मुलाचे बाळ अवघे तीन वर्षांचे. आजींना एकदा श्री सम्मेदशिखरजीची वंदना घडवावी, असे मुलांच्या मनात कित्येक वर्षे होते. अखेर दिवाळीनंतरचे आठ दिवस ठरले आणि थोरल्या मुलाने यादी केली : शिखरजी, चंपापूर, पावापुरी, राजगीर, कुंडलपूर, गुणावा आणि परतताना वाराणसी. एवढ्या दूर जायचेच तर काही सुटू नये, हा त्यामागचा हिशेब. यादी घेऊन तो एका सल्लागाराकडे गेला आणि दर विचारला.

सल्लागाराने दर सांगितला नाही. त्याने यादी बाजूला ठेवली आणि घरातील प्रत्येकाची माहिती विचारली. कोणाचे वय किती, रात्रिभोजनाचा त्याग कोणाला आहे, अष्टमी-चतुर्दशीला एकाशन कोण करते, पाणी गाळून उकळलेले लागते का, कोणाला कोणते औषध चालू आहे, कोणाला मोटारीत मळमळते, रात्री कितीदा उठावे लागते. थोरल्याला निम्म्या प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत. आजींचे गुडघे दुखतात एवढे त्याला ठाऊक होते; त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ पत्नीला दूरध्वनी करून विचारावी लागली.

या प्रश्नांमागे शिखरजीचे भूगोल आहे. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर जेथून मोक्षास गेले, तो हा पर्वत झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. पायथ्याशी मधुबन, आणि सुमारे २५ किलोमीटरवर पारसनाथ हे रेल्वे स्थानक. पर्वताची उंची सुमारे १,३६५ मीटर. वंदना एकूण २७ किलोमीटरची धरली जाते : ९ किलोमीटर चढण, ९ किलोमीटर टोंकांची परिक्रमा आणि ९ किलोमीटर उतार. पायी जाणारे यात्रेकरू मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या अंधारातच निघतात आणि परतेपर्यंत दुपार उलटते. चंद्रप्रभूंचे टोंक इतरांपासून एका बाजूला दूर आहे. पार्श्वनाथांचे टोंक सर्वांत उंच. चालणे झेपत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. तिचा दर बहुधा यात्रेकरूच्या वजनावरून ठरतो. अशा दिवसानंतर दुसऱ्या सकाळी सात वाजता सामान बांधून मोटारीत बसवणे तरुणालाही जड जाते.

दुसरी अडचण सूर्याची. घड्याळ साऱ्या देशात एकच असले तरी सूर्य पूर्वेकडे लवकर मावळतो. नोव्हेंबर-डिसेंबरात इचलकरंजीत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर मधुबनला पाचच्या सुमारास. घरी साडेपाचला जेवणाऱ्याने तिकडेही साडेपाचचीच वेळ धरली, तर त्या दिवशी त्याला उपवास घडतो. म्हणून चौविहार पाळणाऱ्यांसाठी दुपारनंतरचा लांबचा प्रवास शक्यतो ठेवू नये, आणि ठेवलाच तर साडेचारपूर्वी कोठे थांबायचे, तेथे शुद्ध भोजन मिळेल का, हे आधी ठरवलेले असावे. विमानातही नुसते ‘शाकाहारी’ नोंदवून भागत नाही, त्या ताटात कांदा-बटाटा असू शकतो. जेथे विमानकंपनी जैन भोजन देते तेथे ते स्वतंत्रपणे आणि बहुधा किमान २४ तास आधी नोंदवावे लागते.

तिसरी गोष्ट तिथीची. दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध षष्ठीला बिहार-झारखंडात छठपूजा असते. त्या सुमारास पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांत उभे राहायलाही जागा नसते. अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टाह्निका पर्व, म्हणजे तीर्थक्षेत्री भाविकांची दाटी. पुढे डिसेंबरअखेर आणि जानेवारीत उत्तरेकडील धुक्यामुळे गाड्या तासन् तास रखडतात. सल्लागाराने मार्गशीर्षाचा प्रारंभ सुचवला. मुलांच्या शाळेचे काही दिवस बुडणार होते. पण धर्मशाळेत खोल्या मिळणार होत्या आणि डोलीसाठी ओढाताण होणार नव्हती. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे. त्यामुळे तारीख मनात पक्की करून त्या दिवसाची वाट पाहणे एवढेच हाती राहिले.

एवढे झाल्यावर सल्लागाराने एक विनंती केली : “एकदा आजींशी बोलू द्या.” थोरल्याला ते अनावश्यक वाटले. आईचे काय, मुले नेतील तेथे ती येईल, असे तो म्हणाला. तरी रविवारी सल्लागार घरी आला. आजींनी आधी काहीच सांगितले नाही. “तुम्ही ठरवाल ते बरं,” एवढेच त्या म्हणाल्या. मग त्याने विचारले, “आजी, याआधी शिखरजीला कधी गेला होता का?”

“गेले होते,” आजी म्हणाल्या, “पण वर नाही गेले.”

घरात कोणालाच हे ठाऊक नव्हते. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी त्या सासू-सासऱ्यांबरोबर मधुबनला गेल्या होत्या. कडेवर हाच थोरला होता, अंगात ताप असलेला. पहाटे सारे डोंगर चढू लागले, तेव्हा बाळाजवळ कोणीतरी थांबायला हवे होते. त्या थांबल्या. दिवसभर धर्मशाळेच्या अंगणात बसून त्यांनी वर पाहिले. संध्याकाळी सगळे उतरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती.

“मला सगळी टोंकं नकोत,” आजी सावकाश म्हणाल्या. “पार्श्वनाथांच्या टोंकावर डोकं टेकलं तरी पुरे. पण या वेळी धाकटीला बाळाजवळ खाली बसवणार असाल, तर मलाही नको.”

धाकटी सून दाराशी उभी होती. बाळामुळे आपल्याला खालीच राहावे लागणार, हे तिने मनाशी केव्हाच धरून ठेवले होते आणि कोणाला बोलून दाखवले नव्हते.

त्या रविवारी आखणी नव्याने झाली. सात ठिकाणांची तीन उरली : शिखरजी, पावापुरी आणि राजगीर. मधुबनला एका रात्रीऐवजी चार रात्री ठेवल्या. पहिला दिवस पोहोचून विसावा घेण्याचा. दुसऱ्या दिवशी आजी डोलीत, आणि त्यांच्याबरोबर थोरला मुलगा, थोरली सून व मोठा नातू. तिसऱ्या दिवशी धाकटा मुलगा, धाकटी सून आणि बारा वर्षांची नात. आदल्या दिवशी जाऊन आलेले बाळाजवळ. चौथा दिवस पूर्ण विश्रांतीचा, पायांना तेल लावण्याचा. जाताना रांचीपर्यंत विमान आणि तेथून चार-पाच तासांचा मोटारीचा रस्ता. तोही सकाळचा, म्हणजे सूर्यास्ताच्या बराच आधी मधुबन गाठता येईल. निघण्यापूर्वी आजींची प्रकृती डॉक्टरांना दाखवणे आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवणे, हेही कागदावर लिहिले गेले. वाराणसी आणि चंपापूर सुटल्याची चुटपुट थोरल्याला लागलीच. पण तो पुन्हा त्याविषयी बोलला नाही.

अशी मदत करणारा सल्लागार ओळखावा कसा? पहिली खूण म्हणजे तो किती विचारतो. दुसरी म्हणजे तो यादीतून काय वगळतो. ठिकाणे वाढवणे सोपे असते आणि त्यात त्याचा लाभही असू शकतो; कमी करा असे सांगणारा गिऱ्हाइकाचे हित पाहतो. त्याला आपल्या चालीरीतींची जाण असावी. पालिताण्याला चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा केली जात नाही आणि ती कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. त्या गिरिराजावर भोजन करीत नाहीत आणि रात्री कोणी राहत नाही. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या असल्याने दगड तापण्यापूर्वी निघावे लागते. या गोष्टी ज्याला सांगाव्या लागतात, त्याच्याकडून तिकिटे खुशाल काढून घ्यावीत. आखणी मात्र स्वतः करावी.

व्यवहार उघड असावा. काही सल्लागार आपले शुल्क घेतात, काहींना हॉटेल वा विमानकंपनीकडून दलाली मिळते, काहींना दोन्ही. यात गैर काही नाही. परंतु ते आधी विचारून घ्यावे. दरात काय येते आणि काय येत नाही, यात्रा रद्द झाल्यास किती दिवस आधी किती रक्कम परत मिळेल, वाटेत गाडी बिघडली तर कोणाला फोन करायचा, हे लेखी असावे आणि पक्के बिल घ्यावे. धर्मशाळेच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. म्हणून खोल्यांची खात्री त्या क्षेत्राच्या कार्यालयात स्वतः फोन करून घ्यावी आणि रक्कम संस्थेच्या खात्यातच भरावी.

कुटुंबाकडूनही एक गोष्ट अपेक्षित आहे. सल्लागारापासून आजार, नियम आणि खर्चाची मर्यादा लपवू नये. मधुमेह सांगायला संकोच वाटतो, नियम सांगितले तर अवघड गिऱ्हाईक ठरू असे वाटते, रक्कम सांगितली तर तेवढीच खर्चायला लावतील अशी धास्ती असते. अपुऱ्या माहितीवर बेतलेली यात्रा अपुऱ्या मापावर बेतलेल्या अंगरख्यासारखी असते. ती कोठे काचते हे वाटेत कळते आणि तेव्हा बदलता येत नाही. सल्लागाराकडे जाण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाला एकच विचारावे : या यात्रेत तुझ्या दृष्टीने काय घडलेच पाहिजे? घरातील सर्वांत वडील आणि सर्वांत गप्प माणसाला आधी बोलू द्यावे.

इचलकरंजीच्या त्या घरातील यात्रा ठरल्याप्रमाणे झाली. दुसऱ्या दिवशी आजींची डोली पार्श्वनाथांच्या टोंकापाशी टेकली, तेव्हा शेवटच्या पायऱ्या त्या मुलाचा हात धरून स्वतः चढल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे धाकटी सून काठी घेऊन निघाली. बाळ झोपेतून उठून आईसाठी रडू लागले, तेव्हा आजींनी त्याला शालीत गुंडाळून धर्मशाळेच्या अंगणात आणले. उजाडत होते. डोंगराकडे बोट दाखवून त्या त्याला सांगू लागल्या, आई कोठपर्यंत पोहोचली असेल, आता कोणते वळण येईल, आणि त्यापुढे वर काय दिसते.