परळीचे वळण आणि आठ बाय चारचा प्लाय

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरची गाडी बीडपर्यंत आली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झालेला. म्हणजे मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तिशीला टेकले तेव्हा जिल्ह्याच्या मुख्य गावाला रूळ दिसले. अशा गावात कुणाला घरात छोटी आगगाडी मांडावीशी वाटली, तर त्यात नवल काही नाही. अडचण येते ती पहिल्याच दिवशी. सुतार आठ बाय चारचा प्लाय आणून देतो, त्यावर रुळांचे लंबवर्तुळ बसते, इंजिन सुरेख फिरते आणि मग त्याला खऱ्या मापाचा प्रवासी डबा जोडला जातो. वळणावर डब्याची टोके बाहेर फेकली जातात, मधला भाग आत खेचला जातो, दोन डबे एकमेकांशी फटकून असल्यासारखे दिसतात, आणि कधी कधी चाक रूळ सोडते. दोष सहसा डब्याच्या लांबीला दिला जातो. माझ्या मते आरोपी चुकीचा पकडला आहे. डबा खराच आहे; खोटे आहे ते वळण, आणि त्याच्याही मुळाशी गाडीने गोल फिरलेच पाहिजे हा हट्ट आहे.

हिशेब मांडला की हे लगेच दिसते. घरगुती रेल्वेत सर्वांत रुळलेले प्रमाण १:८७. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, तिथेही हेच प्रमाण आहे. आपला जुना निळा आयसीएफ डबा २१.३४ मीटरचा, या प्रमाणात तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो. नवा एलएचबी डबा २३.५४ मीटरचा, तो सत्तावीस सेंटिमीटर. आता वळण पाहू. भारतीय ब्रॉडगेजवर साध्या मार्गाला चालणारे सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. १:८७ ने भागले तरी त्रिज्या दोन मीटर उरते. पूर्ण फेरा घ्यायचा तर खोली तेरा फुटांहून रुंद हवी, आणि हे झाले रेल्वेने नाइलाजाने स्वीकारलेल्या वळणाचे माप. फलाटाकडे वळवणाऱ्या एकास बारा सांध्याची त्रिज्या तर ४४१ मीटर. तो हुबेहूब करायचा तर पाच मीटरचा कंपास लागेल. उलट बाजारात मिळणारा अठरा इंची वळणाचा तुकडा खऱ्या जगात नेला तर तो चाळीस मीटर त्रिज्येचा होतो. रेल्वेच्या भाषेत सुमारे ४४ अंश, परवानगीच्या चौपटीहून अधिक. इतक्या तीव्र वळणावर खरा डबाही तसाच लटकला असता, किंबहुना तिथवर पोचलाच नसता.

डबा नेमका कसा लटकतो, हे समजायला आधी एक शब्द सोडवायला हवा. आपण सगळे डब्यालाच ‘बोगी’ म्हणतो. रेल्वेचा कारागीर मात्र डब्याखालच्या चार चाकांच्या फिरत्या गाड्याला बोगी म्हणतो. प्रत्येक डब्याखाली असे दोन गाडे असतात. गाडे वळणाबरोबर वळतात, पण त्यांच्यावर ठेवलेली पेटी सरळच राहते. म्हणून दोन गाड्यांमधला तिचा भाग वळणाच्या आत सरकतो आणि गाड्यांपलीकडची टोके बाहेर डोकावतात. हे सरकणे किती, हे काढायची रेल्वेची रीत साधी आहे. दोन गाड्यांच्या मध्यांतल्या अंतराचा वर्ग त्रिज्येच्या आठपटीने भागला की मधला भाग किती आत येतो ते कळते. टोकांसाठी डब्याच्या लांबीच्या वर्गातून त्या अंतराचा वर्ग वजा करून तसेच भागायचे. आयसीएफ डब्यात हे अंतर १४.७८५ मीटर आहे. १७५ मीटरच्या वळणावर मध्य साधारण १५६ मिलिमीटर आत येतो, टोक १६९ मिलिमीटर बाहेर जाते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. गाडे लांबीच्या सुमारे सात-दशांश अंतरावर ठेवले की दोन्ही बाजूंचा भार असा समान वाटला जातो. एलएचबी डबा दोन मीटरहून जास्त वाढला, पण गाड्यांमधले अंतर १४.९ मीटरच राहिले. लांबीची जवळजवळ सगळी वाढ टोकांकडे गेली. म्हणून त्याच सूत्राने त्याचे टोक २३७ मिलिमीटर बाहेर येते. राजधानीच्या रुबाबासाठी एलएचबी निवडणाऱ्या हौशी माणसाने अडचणही सोबत निवडलेली असते. अठरा इंची वळणावर त्याच्या सत्तावीस सेंटिमीटरच्या डब्याचे टोक बारा मिलिमीटर बाहेर पडते. डब्याची रुंदीच सदतीस मिलिमीटर आहे, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा अधांतरी. खऱ्या जगात हा मीटरभराचा झोका झाला. एका डब्यातून दुसऱ्यात जाणारा प्रवासी रुळांशेजारच्या खडीवर उतरला असता.

म्हणून मोजायचे ते लांबीचे आणि त्रिज्येचे गुणोत्तर. या छंदातल्या जाणत्यांनी अनुभवाने ठरवलेले ठोकताळे असे आहेत: त्रिज्या डब्याच्या दुप्पट असेल तर गाडी कशीबशी चालेल, अडीचपट असेल तर भरवशाने चालेल, साडेतीनपट असेल तर वळणाच्या आतून पाहणाऱ्याला ती खेळणे वाटणार नाही, बाहेरून पाहणाऱ्यासाठी चौपट हवी, आणि वळणावरच डबे आपोआप जोडले-सोडले जावेत असे वाटत असेल तर पाचपट. अठरा इंची वळणावर आयसीएफचे गुणोत्तर दोनाहूनही कमी भरते, सुमारे १.८६. चार फूट रुंद प्लायच्या अगदी कडेने बावीस इंची वळण रेटले तरी ते २.३ च्या आसपास अडकते. खऱ्या रेल्वेत सर्वांत वाईट वळणावरही ते आठाच्या वर असते. इथे कुणी म्हणेल की मग प्रमाणच लहान करा, १:१६० घ्या, डबा तेरा सेंटिमीटरवर येईल. उपाय खरा आहे. त्याच प्लायवर गुणोत्तर चारच्या पुढे जाते. पण लहान प्रमाण घेणारा माणूस बहुतेक वेळा प्लायही लहान करतो. त्या प्रमाणातला नेहमीचा वळणाचा तुकडा पावणेदहा इंची, आणि त्यावर १:१६० चा आयसीएफ डबा ठेवला की उत्तर पुन्हा १.८६ येते. मोकळी झालेली जागा आणखी एका रुळाने खाल्लेली असते.

मग डबाच कापायचा का? जर्मन कंपन्यांनी हे कधीच केले आहे. युरोपातला २६.४ मीटरचा डबा १:८७ मध्ये तीस सेंटिमीटरहून मोठा होतो, म्हणून मेर्क्लिनने उंची-रुंदी तशीच ठेवून लांबी मात्र १:१०० ने घेतली आणि डबा साडेसव्वीस सेंटिमीटरच्या आत आणला. अमेरिकेत अ‍ॅथर्नने ८५ फुटी डबे ७२ फुटांचे करून विकले. काटेकोर मंडळींना हा भ्रष्टाचार वाटतो. खिडक्या मोजल्या तर एखादी जोडी कमी भरते, आणि खोटा डबा चालवण्यापेक्षा तो न चालवलेला बरा, असे त्यांचे म्हणणे. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो फार उशिरा घेतला जातो. १:८७ चा बाजारी रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो. तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजचा आहे. आपला १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज त्या प्रमाणात १९ मिलिमीटरच्या पुढे जातो. म्हणजे भारतीय डबा त्या रुळावर ठेवला त्या क्षणीच रूळ सातव्या हिश्शाने आखडला आणि वळण चौपटीहून जास्त दुमडले. या दोन गोष्टी मुकाट गिळून तिसरीपाशी सोवळे पाळण्यात अर्थ नाही. शिवाय डब्याची आणि वळणाची जोडी जमवण्याचा मार्ग खऱ्या रेल्वेनेही घेतला आहे. नेरळहून माथेरानला १९०७ मध्ये गाडी चढली ती दोन फुटी रुळांवर, आखूड वळणांतून आणि आखूड डबे घेऊन. डोंगर वाकवता येत नाही, डबा आखडता येतो.

कापण्याचा फायदाही मोठा आहे. सूत्रात लांबीचा वर्ग येतो, त्यामुळे साडेचोवीसचा डबा वीस सेंटिमीटरचा केला की लांबी पाचव्या हिश्शाहूनही कमी घटते, पण लटकणे तिसऱ्या हिश्शाने उतरते. मात्र कापणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. दारे, संडासाच्या काचा, गाडे आणि उंची यांना हात लावू नये. मधल्या खिडक्यांची जोडी काढावी आणि गाडे पुन्हा सात-दशांशावर बसवावेत. आणि सगळे डबे एकाच प्रमाणात कापावेत. आयसीएफ आणि एलएचबी दोन्ही वीस सेंटिमीटरचे केले तर त्या दोघांमधला जो मुख्य फरक, तोच पुसला जातो, आणि काटेकोर मंडळींची तक्रार खरी ठरते.

तरीही कात्री हा दुसरा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे वर्तुळ सोडणे, आणि तो बीड जिल्ह्यात डोळ्यांसमोर आहे. अहिल्यानगरहून निघालेली गाडी बीडला थांबते आणि आल्या वाटेने परत जाते; ती गोल फिरत नाही. परळी वैजनाथला तर हे आणखी रंगतदार. परभणीकडून येऊन लातूर रोडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन तिथे एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला लावतात, आणि ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला उतरलेले भाविक फलाट सोडेपर्यंत गाडीचे तोंड फिरलेले असते. वेळापत्रकाच्या दृष्टीने हा खोळंबा आहे, पण खोलीत मांडणी करणाऱ्यासाठी ही खाण आहे. एक फलाट, इंजिन फिरवायला शेजारचा एक मोकळा रूळ, दोन सांधे, एवढ्यावर दिवसभराचे काम निघते आणि पूर्ण फेऱ्याची गरजच राहत नाही. प्लाय मधोमध टाकण्याऐवजी दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीच्या कडेने फूटभर रुंद फळी फिरवली, तर कोपऱ्यात छत्तीस इंची वळण आरामात बसते. तिथे न कापलेल्या आयसीएफचे गुणोत्तर ३.७ आणि एलएचबीचेही ३.४ येते. शिवाय पाहणारा खोलीच्या मध्ये, म्हणजे वळणाच्या आत उभा राहतो, जिथून डब्यांमधल्या फटी मिटलेल्या दिसतात. प्लायवर नेमके उलट घडते. गाडी फिरत राहण्यात जे सुख आहे त्याचे काय, असे कुणी विचारेल. ते सुख खरे आहे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. त्यासाठी दारातून उचलता येणारी फळी टाकून भिंतीकडेचा फेरा पुरा करता येतो. मग आईने हाक मारली की आधी पूल उचलायचा.

ज्याला प्लायच सोयीचा आहे, त्यानेही प्रवासी गाडीवर अडून बसू नये. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राला कोळसा रेल्वेने येतो. कोळशाची उघडी बॉक्सएन वाघीण जेमतेम १०.७ मीटरची, १:८७ मध्ये सव्वाबारा सेंटिमीटर. ज्या अठरा इंची वळणावर प्रवासी डबा कोलमडतो, तिथे हिचे गुणोत्तर ३.७ भरते. राखाडी-काळ्या वाघिणींची रांग त्या वळणावर एकसंध वाकते, आणि एकही खिडकी कापावी लागत नाही.

आणि ज्याला लांब वाघीण आणि छोटी जागा दोन्ही हवी आहेत, त्याने जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडे बार्शीकडे पाहावे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी गेजची लाइट रेल्वे सुरू केली. पुढे ती लातूरला पोचली. एवढ्याशा रुळावर छोट्याच वाघिणी चालणार, ही समजूत त्याने मोडली. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार टाकायचा नाही असे ठरवून त्याने दाबलेल्या पोलादी सांगाड्याच्या पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद वाघिणी दोन-दोन गाड्यांवर बसवल्या. आज तो मार्ग ब्रॉडगेज आहे, पण घरात तो पुन्हा टाकता येतो. पंचवीस फुटांची वाघीण १:८७ मध्ये नऊ सेंटिमीटरच्या आत येते आणि पावणेदहा इंची वळणावर २.८ चे गुणोत्तर देते. रूळ १:१६० साठी मिळणारा ९ मिलिमीटरचाच लागतो. अडीच फुटी गेजचे १:८७ मधले खरे माप ८.७६ मिलिमीटर आहे. फरक पाव मिलिमीटरचा.