घराच्या कडेची बाग : रोपांआधी पाण्याचा विचार

जबलपूरच्या जुन्या भागात, दीक्षितपुऱ्यासारख्या वस्तीत, घरापुढे अंगण नसले तरी एका कडेला तीन-चार फूट रुंदीची मोकळी पट्टी पुष्कळदा आढळते. घराची भिंत आणि कुंपण यांमधील या जागेत फुटक्या कुंड्या, उरलेल्या विटा आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत यांचा संसार जमतो. पती-पत्नींनी मिळून, मजूर न लावता, सुट्टीच्या दिवशी थोडेथोडे काम करून ही जागा बागेसारखी करणे सहज शक्य आहे. मात्र रोपे आणण्याची घाई केल्यास बागेपायी घराचा पाया ओला राहण्याचा धोका असतो.

जबलपूरला वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमा होते. या हिशेबाने ८० चौरस मीटरच्या छपरावरून वर्षभरात एक लाख लिटरहून अधिक पाणी उतरते. ४० मिलिमीटरची एखादी सरदेखील ३२०० लिटर पाणी खाली टाकते. छपराची पन्हळ कडेच्या पट्टीतच उतरत असेल, तर हे पाणी कोठे जाणार, हा बागेच्या आराखड्यातील पहिला प्रश्न ठरतो.

काळी माती आणि जुने जोते

शहराच्या मदनमहाल भागात ग्रॅनाइटचे खडक दिसत असले, तरी परिसरातील सखल जमिनीत काळी माती पुष्कळ आहे. ही माती पाणी मिळाले की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. भिंतीलगतची माती एका बाजूने सतत भिजत राहिली, तर पायाखालील जमीन सर्वत्र सारखी राहात नाही आणि भिंतीला तडे जाऊ लागतात. मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या जुन्या भिंतींना ओल अधिकच बाधते. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला बसलेल्या भूकंपात जुन्या विटा-दगडांच्या बांधकामांचे मोठे नुकसान झाले होते. त्या शहरात भिंतीची ओल ही केवळ रंगाचे पोपडे निघण्यापुरती बाब मानता येणार नाही.

यावरून काही पथ्ये आपोआप ठरतात. वाफ्याची माती जोत्याच्या वर चढवू नये; ती जोत्याच्या पातळीपासून निदान सहा इंच खाली असावी. भिंतीला खेटून खोल चर खणू नये. दीड-दोन फूट अंतर सोडून, तेही लहान लहान टप्प्यांत खणावे. भिंतीलगतच्या पट्टीत रोपे न लावता तेथे खडी किंवा फरशी असावी आणि रोपांचे वाफे कुंपणाच्या बाजूला घ्यावेत. भिंतीत आधीच तडे असतील, तर कुदळ हाती घेण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याकडून ते पाहून घ्यावेत.

जमिनीचा उतार घरापासून दूर असावा. चार फूट रुंदीला साधारण अडीच इंच उतार पुरतो. तो डोळ्यांनी ठरवू नये, कारण जुनी भिंत आणि जुने कुंपण यांपैकी काहीच सरळ नसते. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून एकाने एक टोक भिंतीशी व दुसऱ्याने दुसरे टोक कुंपणाशी धरावे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला स्थिरावते, तेथे खडूने खूण करावी आणि त्या खुणांपासून खाली मोजावे. या कामाला दोन माणसे लागतातच. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर सारे माप चुकते.

कुंपणाकडे वळवलेले पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत मुरणार नाही, हेही पाहावे लागते. दाट वस्तीतील अनेक भांडणांचे मूळ अशा चार-सहा इंचांच्या उतारात असते. त्यामुळे कुंपणाच्या थोडे अलीकडे उथळ पाट काढून पाणी रस्त्याकडील गटारात किंवा पायापासून दूर असलेल्या शोषखड्ड्यात न्यावे. शोषखड्ड्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी : फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून ठेवावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच दिसले, तर तेथे शोषखड्डा चालणार नाही.

चालण्याच्या वाटेसाठी सिमेंटचा सलग थर टाळणे श्रेयस्कर. चाळलेल्या मुरमाच्या चार इंच थरावर दगडी भुकटी पसरून फरश्या सुट्या बसवल्या, तर सांध्यांतून पाणी खाली जाते आणि एखादी फरशी खचली तरी ती उचलून पुन्हा बसवता येते.

केव्हा खणावे, काय लावावे

काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कठीण आणि पावसात लोण्यासारखी चिकट असते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती स्थिती दिवाळीच्या सुमारास येते. खोदकाम तेव्हाच करावे. उतार व पाट मे महिन्याअखेर पूर्ण असावेत आणि लागवड पहिल्या पावसानंतर करावी. वाफ्यात शेणखत आणि वाळलेला पाला भरपूर मिसळल्यास काळी माती भुसभुशीत होते. पालापाचोळ्यापासून घरच्या घरी कसदार माती तयार करण्याचा विचार कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ने महाराष्ट्रात अनेक घरांपर्यंत पोहोचवला. पाला जाळणाऱ्यांनी त्याची आठवण ठेवावी.

कडेच्या पट्टीत ऊन दिवसातून दोन-तीन तासच येते. तेथे गुलाबाचा हट्ट धरण्यापेक्षा तगर, अडुळसा, पानओवा आणि अळू लावणे बरे. मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ वाढवण्याची मराठी घरांतील रीत जुनी आहे. मात्र पूर्वी त्या पाण्यात राख असे, आज डिटर्जंट असते. तेव्हा मोरीचे पाणी कर्दळीलाच द्यावे आणि भाजीच्या अळूला स्वच्छ पाणी घालावे. भिंतीच्या फटीत उगवलेले वड-पिंपळाचे रोप दोन पानांचे असतानाच मुळासकट काढावे. ते श्रद्धेपोटी राखले, तर पुढे भिंत फोडूनच बाहेर येते.

उघड्या मातीवर सर्वांत आधी येते ते गाजरगवत. भारतात या तणाची नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली. योगायोग असा, की देशातील तणांचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था जबलपुरातच आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेची ही संस्था १९८९ मध्ये सुरू झाली आणि गाजरगवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्यांच्या प्रसारातही तिचा वाटा आहे. घरच्या वाफ्यात मात्र भुंग्यांची वाट पाहू नये. माती ओली असताना, फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून रोप उपटावे. या तणाच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज व पुरळ येते.

पहिली मोठी सर आली, की दोघांपैकी एकाने छत्री घेऊन त्या पट्टीत दहा मिनिटे उभे राहावे आणि पाणी कोठे थबकते ते पाहावे. थबकलेल्या जागी खडीचे एक-दोन ढीग ठेवून खूण करावी आणि पाऊस ओसरल्यावर तेथील फरशी उचलून थर सारखा करावा. कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी दर आठवड्याला ओतून टाकावे, कारण डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासाची अळी साधारण आठ ते दहा दिवसांत डास होऊन उडते.