पेट्रोलची ‘दिवाळी भेट’ आणि बातमीची सुरुवातीची तारीख

भाग ऐकला असेल तरी इथले आकडे एकदा बघून घ्या, कारण दशांश कानाने लक्षात राहत नाहीत.

3 नोव्हेंबर 2021. ऐन दिवाळीत केंद्राने एक्साइज कमी केली, पेट्रोलवर 5 रुपये आणि डिझेलवर 10. टीव्हीवर ‘दिवाळी भेट’ सुरू. बाबा म्हणाले, “बघ, केलं ना कमी!” मी म्हटलं, “बाबा, आधी वाढवलं किती होतं?” फराळाचं ताट बाजूला राहिलं आणि आमचं चांगलंच वाजलं.

नंतर मी सरळ एक्सेल उघडलं. 2020 च्या सुरुवातीला पेट्रोलवर केंद्राचा कर लिटरमागे 19.98 रुपये होता. मार्चमध्ये 3 रुपये वाढले. मेमध्ये, लॉकडाऊन चालू असताना, एका रात्रीत आणखी 10. झाले 32.98. बजेटमधल्या फेरफारीनंतर 32.90, दिवाळीत 27.90 आणि मे 2022 मध्ये 8 रुपये कमी होऊन 19.90. म्हणजे दोन ‘भेटी’ मिळून आपण जिथून निघालो तिथेच परत आलो. वर आठ पैसे सूट!

यात चॅनेल खोटं बोललं का? नाही. 5 रुपये खरंच कमी झाले. फक्त बातमी नोव्हेंबरपासून सुरू केली. आम्ही कोडमध्ये बग शोधताना आधी विचारतो, लॉग कुठल्या तारखेपासून आहे? तसंच.

आणि मेमधली वाढ लोकांना जाणवली का नाही? तेव्हा कच्चं तेल कोसळलं होतं, त्यामुळे कर वाढला तरी पंपावरचा भाव हलला नाही. स्वस्त व्हायचं ते झालं नाही, एवढंच. न झालेल्या स्वस्ताईचे व्हिज्युअल्स कुठून आणणार? पंपावर रांग नाही, चिडलेला रिक्षावाला नाही. एप्रिल 2025 मध्ये हेच झालं. एक्साइज 2 रुपयांनी वाढली, पंपावर भाव तोच.

आता दुसरी बाजू, नाहीतर कमेंटमध्ये मला धराल. सरकारविरोधी यूट्यूब चॅनेल्सही धुतल्या तांदळाची नाहीत. ‘शंभरातले एवढे मोदींचे’ असा थंबनेल लावतात आणि त्यात राज्याचा व्हॅटही मोजून टाकतात. व्हॅट राज्य सरकार घेतं. महाराष्ट्रात तो टक्क्यांत आहे, वर लिटरमागे ठरावीक रक्कम वेगळी. हे टक्के एक्साइज धरून झालेल्या किमतीवर लागतात, म्हणून केंद्राने कर वाढवला की राज्याचीही आपोआप कमाई. त्यावर कोणी ओरडत नाही!

एप्रिल 2022 मध्ये पंतप्रधानांनी व्हॅट कमी न करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव घेतलं, तेव्हा चर्चा झाली ‘केंद्र की राज्य’. पण दिवाळीपूर्वीच्या त्या 32.90 पैकी मूळ एक्साइज फक्त 1.40 होती. बाकी सेस आणि विशेष एक्साइज, ज्यात राज्यांना वाटा नसतो. ही एक ओळ कळली की अर्धा तमाशा निकालात निघतो. मी तरी ती प्राइम टाइमला ऐकली नाही. पॅनेलवर आठ जण असले की दशांशाला खिडकी मिळत नाही म्हणा.

एक्सेल मी बाबांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. दोन दिवस निळ्या टिका, मग उत्तर: “ठीक आहे. पण व्हॅटचा कॉलम कुठाय?”

बरोबर विचारलंय. तो भरतोय, पुढच्या भागात घेऊ.