पातं म्हणजे आरसा: सातशे रुपयांत घरच्या तलवारीचे फोटो

हे आपल्या ताज्या भागाचं लिखित रूप. ऐकताना कोन आणि अंतरं डोक्यात राहत नाहीत, म्हणून मोजमापं इथे नीट लिहून काढतोय. विषय असा: घरातल्या जुन्या तलवारीच्या पात्याचे फोटो स्वस्तात, पण वाचता येतील असे कसे काढायचे?

आधी हे कशासाठी, ते सांगतो. खंडेनवमी आली की घरोघरी शस्त्रं बाहेर निघतात आणि पूजेआधी चिंच, राख, नाहीतर थेट पॉलिश पेपर घेऊन घासली जातात. तलवार चकचकीत होते, पण तिच्यावर जे लिहिलेलं असतं ते जातं. आणि लिहिलेलं बरंच असतं. मराठ्यांची 'फिरंग' म्हणजे युरोपात बनलेलं सरळ पातं आणि त्याला इथली मूठ. अशा पात्यांवर कारागिरांचे ठसे असतात: जर्मनीतल्या झोलिंगेनचा धावता लांडगा, किंवा इटलीतल्या जिनोव्हाच्या चंद्रकोरी. आपल्याकडच्या कारागिरांनी या चंद्रकोरींची नक्कलसुद्धा केली. हे ठसे इतके उथळ असतात की चार दसऱ्यांच्या घासण्यात नाहीसे होऊ शकतात.

त्या अक्षरांची किंमत काय असते? एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली, ४७.१५ लाख रुपयांना. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. नागपूरकर भोसल्यांची ही तलवार, हे कशावरून? तिच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याने कोरलेली एकच ओळ आहे: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. ती ओळ घासली गेली असती, तर उरली असती फक्त एक सुंदर जुनी तलवार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घासण्याआधी फोटो काढा. फोटो चांगला आला तर घासायची गरजच पडत नाही.

मूळ अडचण

मोबाईलने फ्लॅश मारून फोटो काढला की एक पांढरा डाग येतो आणि बाकी पातं काळं. बऱ्याच जणांना वाटतं की उजेड कमी पडला. तसं नाही. पातं हा आरसा आहे. आरशाचा फोटो काढताना आपण आरशाचा नाही, त्यात जे दिसतं त्याचा फोटो काढतो. पात्यात खोलीतला पंखा, खिडकी आणि तुमचा हात दिसत असेल, तर फोटोत तेच येणार. मग पात्यासमोर काय ठेवायचं, ते आपणच ठरवायचं. एवढंच सगळं शास्त्र!

सामान

चार फुटी एलईडी ट्यूब, ट्रेसिंग पेपरचा मोठा तुकडा, पांढरं थर्माकोल, काळे कार्डशीट, काळं कापड आणि दोन खोडरबर. कापड मी उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून आणलं, बाकी सगळं बेलवलीतच मिळालं. सगळं मिळून सातशेच्या आत. यातली ट्यूब सगळ्यात महत्त्वाची, कारण चार फूट म्हणजे १२० सेंटिमीटर आणि तलवार मुठीसकट साधारण ९० ते १००. म्हणजे ट्यूब तलवारीपेक्षा लांब. तलवारीला समांतर धरली की मुठीपासून टोकापर्यंत एकसारखा उजेड पडतो. महागडा सॉफ्टबॉक्स वेगळं काय करतो?

मांडणी पहिली: उजळ पातं

काळ्या कापडावर तलवार ठेवा. पाठीकडच्या बाजूखाली खोडरबर सरकवून पातं साधारण १५ अंश कलतं करा. मोबाईल बरोबर वरून, दोन स्टुलांवर टाकलेल्या फळीच्या कडेला, अर्ध्या मीटरवर. आरसा १५ अंश कलला की त्यातलं प्रतिबिंब ३० अंश सरकतं, दुप्पट. म्हणून ट्यूब धारेच्या बाजूला ३० अंशांवर हवी: उंची ६० सेंटिमीटर, तर बाजूला ३५ सेंटिमीटर. ट्यूब आणि पातं यांच्या मध्ये ट्रेसिंग पेपर पडद्यासारखा लावा. पातं अगदी सपाट नसतं, मध्ये फुगीर असतं, त्यामुळे त्याला रुंद पांढरा पृष्ठभाग दिसायला लागतो. समोरच्या बाजूला थर्माकोल. पात्याच्या आणि खाचांच्या कडा उठून दिसत नसतील, तर कागदाच्या कडेला काळ्या कार्डशीटची पट्टी धरा. सोन्याची कोफ्तगिरी या मांडणीत छान येते.

मांडणी दुसरी: अक्षरं आणि ठसे

आता उलटं करायचं. पात्यात काळं कार्डशीट दिसेल असं करा आणि खोलीतले बाकी दिवे बंद करा. एक टॉर्च अगदी खालून, १० ते १५ अंशांवरून मारा. गुळगुळीत भाग उजेड दुसरीकडे फेकतो, म्हणून काळा राहतो. खोदलेल्या रेघांच्या कडा मात्र चमकतात. टॉर्च किमान चार दिशांनी फिरवून चार फोटो काढा, कारण उजेडाला समांतर असलेली रेघ दिसत नाही. आडव्या प्रकाशात जे 'ट' वाटलं ते उभ्या प्रकाशात 'ठ' निघू शकतं!

याच कल्पनेचं पुढचं रूप २००१ मध्ये एचपी लॅब्जच्या टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडलं: कॅमेरा स्थिर, दिवा फिरता, आणि संगणकावर नंतर हवा तसा प्रकाश टाकून बघायचा. संग्रहालयं आज हे तंत्र वापरतात. शेजारी काळी चकचकीत गोळी ठेवली की तिच्यावरच्या ठिपक्यावरून सॉफ्टवेअर दिव्याची दिशा काढतं.

मोबाईलची सेटिंग

प्रो मोड लावा. आयएसओ ५० किंवा १००. शटर १/५० किंवा १/२५. कारण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर याच हिशोबात ठेवलं नाही तर फोटोत आडवे पट्टे येतात. शटर हळू आहे, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा आणि त्या वेळात घरात कुणी धावू नका. वाईड लेन्स टाळा, पातं वाकडं दिसतं. २एक्स ठेवा. पूर्ण तलवार एका फोटोत मावणार नाही; मोबाईल सरकवत चार-पाच फोटो घ्या, प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येऊ द्या. तलवार आणि ट्यूब हलवायची नाही. प्रत्येक फोटोत शेजारी पट्टी हवी, नाहीतर माप कळत नाही.

नंतरची काळजी

उघड्या हाताने पातं धरू नका. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात, आणि बदलापूरच्या पावसाळी हवेत तर फार लवकर. धारेपासूनही जपा, जुनी आहे म्हणून बोथट असेलच असं नाही. फोटो झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. आधी नाही, तेलाचा थर फोटोत चमकतो. पूजेचं ओलं हळदकुंकू त्याच दिवशी पुसून घ्या.

जाणकाराला फोटो पाठवताना त्यातलं लोकेशन काढून टाका. फोटोबरोबर घराचा पत्ता जातो, हे लक्षातच येत नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही. फोटोला मात्र अशी कुठलीच अडचण नाही. तलवार घरातच राहते, आणि मोडी किंवा फारसी वाचणारा माणूस पुण्यात असो की लंडनमध्ये, ओळ त्याच्यापर्यंत पोचते.

पुढची खंडेनवमी यायच्या आधी एक रविवार काढा. तुमच्या पात्यावर काही उमटलं तर कळवा, पुढच्या भागात बोलू.