हल्क खुर्चीला बांधला तेव्हा

तुम्ही ब्रूस बॅनर. हातपाय खुर्चीला बांधलेले. पुढे काय करायचं, ते टाइप करा. दोर ओढून बघा, सोडवून बघा, काही होत नाही. उत्तर होतं, ओठ चावायचा! दुखलं की बॅनरचा हल्क होतो, मग दोराची काय बिशाद? 1984 सालच्या 'क्वेस्टप्रोब' मालिकेतल्या पहिल्या खेळाची ही सुरुवात.

खेळ लिहिणारा फ्लोरिडाचा स्कॉट अ‍ॅडम्स. 1978 मध्ये त्याने 'अ‍ॅडव्हेंचरलँड' बसवला तो टीआरएस-80 कॉम्प्युटरच्या 16 केबी मेमरीत. आज व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'सुप्रभात'चं चित्रसुद्धा तेवढ्यात मावत नाही! अ‍ॅडम्सची युक्ती अशी की खेळ चालवणारा प्रोग्रॅम एकदाच लिहायचा. नव्या खेळासाठी खोल्या, वस्तू आणि नियमांचा तक्ता तेवढा बदलायचा. हुकूम दोन शब्दांचा, त्यातही प्रत्येक शब्दाची पहिली तीन-चार अक्षरंच मशीन बघणार. या नादात घराकडे लक्ष नाही म्हणून बायको अलेक्सिसने एकदा त्याच्या डिस्क ओव्हनमध्ये लपवल्या. ओव्हन बंद होता, एवढं नशीब. पुढे तीही त्याच्याबरोबर खेळ रचायला बसली.

मार्व्हलशी करार झाला तेव्हा बेत बारा खेळांचा होता, प्रत्येकाच्या जोडीला एक कॉमिक. हल्कनंतर स्पायडरमॅन आला. त्यात जाळ्याचं द्रव्यसुद्धा रसायनं गोळा करून स्वतः बनवावं लागे. तिसरा खेळ ह्यूमन टॉर्च आणि थिंगचा, 1985 सालचा. एक्स-मेनवर काम चालू असतानाच अ‍ॅडम्सच्या कंपनीचं दिवाळं वाजलं. चौथ्या कॉमिकची गोष्ट मात्र 1987 मध्ये 'मार्व्हल फॅनफेअर'च्या 33व्या अंकात छापून आली. खेळाविनाच.

माझ्या मते हल्कमधलं ते पहिलं कोडंच अस्सल. पुढे घुमटांमधून रत्नं शोधत फिरणं कंटाळवाणं होतं. पण ताकदवान नायकाला आधी हतबल करायचं, हे शहाणपण आजच्या कोट्यवधींच्या खेळांतही क्वचित दिसतं.

आपल्याकडे तेव्हा इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ हातोहात फिरत होता. 1984 मध्येच केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले. हल्क त्या मशीनवरही चालायचा. चौक गावच्या पोरांना मात्र कॉम्प्युटरपेक्षा नाक्यावरून घाटाकडे जाणारे ट्रकच जास्त ओळखीचे. द्रुतगती मार्ग व्हायचा होता, मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक गावातूनच जायची.

आता कॉम्प्युटर अनोळखी राहिलेला नाही. ट्वाइन नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात देवनागरी चालते आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही गोष्टीचा खेळ रचता येतो. खेळाला लागणाऱ्या खोल्यांची तर आपल्याकडे ददात नाही. पायथ्याची वाट, चौकजवळच्या इर्शाळगडाचा कडा, पाण्याचं टाकं, वरचं नेढं. चौक-कर्जतच्या शिक्षकांनो, यंदा सुट्टीत पोरांना गडाचा नकाशा द्या आणि नेढ्यात एक नायक अडकवायला सांगा. त्याला सोडवायचं कसं, ते त्यांचं ती बघतील.