जुना तंबोरा विकताना

जळोची-बारामतीकडच्या घरात माळ्यावर पडलेला मिरजेचा तंबोरा दुरुस्त करून विकायचा असेल, तर जाणतं गिऱ्हाईक नक्षीआधी भोपळा बघतं. हा भोपळा आपल्याच मुलखातला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या खोऱ्यात पिकतो आणि वाळवून मिरजेला जातो. तिथे १९व्या शतकात शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भोपळ्याची चीर नीट सांधलेली असेल तर ती लपवू नये, दाखवून विकावी. खरी किंमत पडते ती दांडी वाकली किंवा घोडीखालची तबली तारांच्या ताणाने खचली तर. सरळ पट्टी धरली की दोन्ही लगेच कळतात.

जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारा झंकार, मात्र कानानेच पारखायची. कारागीर घोडीचा माथा कानसीने घासून त्याला अगदी हलका उतार देतो. थरथरणारी तार त्या उताराला चाटत राहते. मग तारेखालचं सूत केसभर पुढेमागे सरकवलं की झंकार खुलतो. नवीन जवारीनंतर चारही तारा तासभर सुरात राहतात का, हे बघूनच सौदा करावा.

अदलाबदल करताना समोरच्याची गाण्याची पट्टी आधी विचारा. काळी एकचा लांब, पुरुषी तंबोरा काळी चार-पाचला गाणाऱ्या बाईंना चालत नाही. तंबोऱ्यावर हस्तिदंताचं काम असेल तर तो विकूच नये, वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताच्या विक्रीला बंदी आहे.