माघार कधी घ्यावी?

येरवडा वडगाव शेरी विधानसभा मतदारसंघात येतो. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत इथला निकाल सुमारे ५ हजार मतांच्या फरकाने लागला. अशा चुरशीत मागे पडलेल्या उमेदवाराची मतेही निर्णायक ठरू शकतात.

• उमेदवारी माघारीची मुदत : ठरलेल्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत. २०२४ मध्ये ती ४ नोव्हेंबरला संपली. सही केलेला लेखी अर्ज लागतो. एकदा घेतलेली माघार रद्द होत नाही.

• मुदतीनंतर : दुसऱ्याला जाहीर पाठिंबा दिला, तरी नाव मतदानयंत्रावर कायम राहते आणि मते फुटतात.

• अनामत : विधानसभेसाठी १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ हजार. माघार घेतल्यास परत मिळते. लढून वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पराभूताची अनामत जप्त होते.

• शेजारचा धडा : २०२३ च्या चिंचवड पोटनिवडणुकीत अपक्ष राहुल कलाटे यांनी ४४ हजारांवर मते घेतली. अश्विनी जगताप यांनी नाना काटे यांना सुमारे ३६ हजारांनी हरवले, म्हणजे कलाटे यांची मते विजयाच्या फरकाहून अधिक होती.

स्वतःचा वेगळा मुद्दा असेल तर जरूर लढावे. केवळ हट्ट उरला असेल, तर मुदतीच्या आत माघार घेणे हेच मतदारांच्या हिताचे.